स्टालिनने मारलेल्या नास्तिकांचं काय करायचं?

"मामा, तू पण देव मानत नाहीस ना? मग तू हिटलरच्या टीममधला?" 12 वर्षांच्या भाच्याने काल हे विचारलं आणि ताईचा मोबाइल माझ्यासमोर धरला. 'अनेक वेळा फॉरवर्ड केलेला' संदेश. हिटलर, स्टालिन, माओ, पोल पॉट हे चौघे नास्तिक, म्हणून त्यांनी कोट्यवधी माणसं मारली; धर्माने कधी असं केलं नाही; देव न मानणाऱ्यावर विश्वास ठेवायचा कसा?

हिटलर आधी उरकतो. त्याच्या पक्षाच्या 1920 च्या कार्यक्रमात 24 वं कलम 'सकारात्मक ख्रिस्ती धर्मा'ला पाठिंबा देतं. सत्तेवर आल्यावर 1933 मध्येच त्याने व्हॅटिकनशी करार केला आणि त्याच वर्षी नास्तिकांची मोठी संघटना बंद पाडली. तिचा प्रमुख माक्स झीफर्स याचं 1944 मध्ये डोकं उडवलं. खासगीत हिटलर चर्चला शिव्या घालायचा, हे मान्य. आणि जर्मन सैनिकांच्या पट्ट्यावरचं 'देव आमच्यासोबत' हे वाक्य पुरावा म्हणून नाचवणाऱ्या माझ्या नास्तिक मित्रांनीही जरा दमानं घ्यावं. ते वाक्य हिटलरच्या कितीतरी आधीचं, प्रशिया या जुन्या जर्मन राज्याच्या काळातलं आहे.

आता स्टालिन, कारण सगळा फॉरवर्ड त्याच्याच खांद्यावर उभा आहे. तो नास्तिक होता, पाद्री व्हायचं शिक्षण अर्धवट सोडून आलेला. त्याच्या राजवटीने 1931 मध्ये मॉस्कोचं मोठं कॅथेड्रल सुरुंग लावून उडवलं, पाद्र्यांना गोळ्या घातल्या. यात धर्मद्वेष होताच, तो मी झाकणार नाही. पण स्टालिननंतर सत्तेवर आलेल्या ख्रुश्चेव्हने 1956 मध्ये पक्षाच्या बंद दाराआडच्या भाषणात दिलेला हिशेब बघा. 1934 च्या पक्ष अधिवेशनात निवडलेल्या केंद्रीय समितीत 139 जण होते, त्यातल्या 98 जणांना पकडून गोळ्या घातल्या. 1,966 प्रतिनिधींपैकी 1,108 जणांना अटक झाली. हे लोक काही जपमाळ ओढत बसले नव्हते. पक्के कम्युनिस्ट, स्टालिनइतकेच देव न मानणारे. ते कशामुळे मेले? तेही नास्तिकतेमुळेच?

जुलै 1937 चा गुप्त पोलिसांचा 00447 क्रमांकाचा हुकूम तर एखाद्या कंपनीच्या टार्गेटसारखा आहे. प्रत्येक प्रांताला आकडा ठरवून दिलेला, इतके गोळीला, इतके छावणीत. गोळीचा सुरुवातीचा आकडा 75,950. मग प्रांतांचे साहेबच कोटा वाढवून मागू लागले. यादीत चर्चवाले होते, तसे जुने जमीनदार शेतकरी होते, चोरदरोडेखोरही होते. आणि हाच स्टालिन युद्ध गळ्याशी आल्यावर सप्टेंबर 1943 मध्ये तीन धर्मगुरूंना रात्री क्रेमलिनमध्ये बोलावतो आणि काही दिवसांत त्यांना त्यांचा प्रमुख निवडू देतो. त्या रात्री त्याला देव भेटला होता का? गरज होती, एवढंच.

माओच्या काळातले बहुतेक मृत्यू 1959 ते 61 च्या दुष्काळातले. अधिकाऱ्यांनी पिकाचे फुगवलेले आकडे वर पाठवले, त्या आकड्यांवर धान्य उचललं गेलं, शेतकऱ्याच्या घरात दाणा उरला नाही. यात देवाचा संबंध कुठे येतो?

कंबोडियात पोल पॉटच्या राजवटीने भिक्खूंना आणि चाम मुसलमानांना चिरडलं, तिथे फॉरवर्डमध्ये अर्धं सत्य आहे. पण त्याच राजवटीच्या तुओल स्लेंगच्या तुरुंगात तिचेच कार्यकर्ते छळून मारले गेले. आणि अल्बानियाने तर 1967 मध्ये स्वतःला नास्तिक राष्ट्र म्हणून जाहीर केलं. जुलूम भयंकर झाला, पण मृतांचा आकडा स्टालिनच्या जवळपासही नाही. नास्तिकताच कारण असती तर सगळ्यात मोठा आकडा तिथे दिसला असता.

'धर्माने कधी असं केलं नाही' या ओळीवर वेळ घालवत नाही. 1994 मध्ये रवांडात आसऱ्याला आलेल्यांना चर्चमध्येच कापलं, मारणारेही बहुतेक ख्रिस्ती. पण म्हणून ख्रिस्ती धर्माने ते घडवलं, असं मी म्हणत नाही. तेवढाच न्याय आम्हालाही लावा.

राहिला विश्वासाचा प्रश्न. ताई गावाला गेली की तिच्या घराची किल्ली माझ्याकडे असते. देवघरातला दिवाही मीच लावतो.