‘युद्धात सगळं माफ’ म्हणणाऱ्यांना उत्तर

इंदूरच्या मराठी व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर एक मजकूर फिरतोय : ‘युद्धाला नियम नसतात. जिनिव्हा करार हा परक्यांचा कागद. शत्रूने तो मोडला की आपणही मोकळे. कैदी पोसायचे कशाला?’

परक्यांचा कागद? युद्धातल्या जखमींना, कैद्यांना आणि नागरिकांना कसं वागवायचं हे ठरवणारे १९४९ चे चारही जिनिव्हा करार भारताने १९५० मध्ये मान्य केले आणि १९६० मध्ये संसदेने त्यांवर स्वतःचा कायदा केला. जखमी किंवा कैदी झालेल्या सैनिकाला जाणूनबुजून मारलं तर फाशी किंवा जन्मठेप; छळाला चौदा वर्षांपर्यंत कैद. (युद्धात वैद्यकीय पथकांना संरक्षण देणारं लाल क्रॉसचं चिन्ह विनापरवानगी वापरायलाही याच कायद्याने बंदी आहे. तरी आपल्याकडे दवाखान्यांच्या पाट्यांवर, डॉक्टरांच्या गाड्यांवर तो सर्रास दिसतो. चिन्ह असं स्वस्त झालं की रणांगणावर त्याचा धाक उरत नाही, आणि गोळी लागते ती स्ट्रेचर उचलणाऱ्याला.)

शत्रूने मोडला तर? युद्धकैद्यांबद्दलच्या तिसऱ्या कराराचं कलम १३ कैद्यांवर सूड उगवायला साफ मनाई करतं. समोरचा कसा वागला, ही अट तिथे नाहीच. कैद्याचा तमाशा मांडू नये, हेही त्याच कलमात आहे. फेब्रुवारी २०१९ मध्ये पाकिस्तानच्या हाती लागलेले आपले वैमानिक अभिनंदन वर्धमान यांचा रक्ताळलेल्या चेहऱ्याचा व्हिडिओ पसरला, तेव्हा भारताने जिनिव्हा कराराचाच हवाला देऊन निषेध नोंदवला. तो करार आपणच झुगारला, तर पुढच्या वेळी कशाचा हवाला देणार?

राहिला कैदी पोसण्याचा मुद्दा. उद्या आपलाही जवान कैदी होऊ शकतो. करारानुसार कैद्याने नाव, हुद्दा, जन्मतारीख आणि सैन्य क्रमांक एवढंच सांगायचं. छावणीत पोचल्यावर आठवड्याच्या आत घरी कळवणारं कार्ड, पुढे महिन्याला किमान दोन पत्रं आणि चार कार्डं. घात होतो तो पकडल्यापासून नोंद होईपर्यंतच्या काळात. नोंद झाली की माणूस कुणाच्या तरी हिशेबात येतो. नाही झाली तर तो नुसता ‘बेपत्ता’. १९७१ चे सुमारे ९३,००० पाकिस्तानी युद्धकैदी भारताने १९७४ पर्यंत परत पाठवले. आपल्या सरकारच्या यादीत मात्र ८३ बेपत्ता भारतीय जवान आजही आहेत, आणि ते आपल्याकडे नाहीतच, असं पाकिस्तान म्हणतं. महू आपल्यापासून पंचवीसेक किलोमीटरवर. तिथल्या इन्फन्ट्री स्कूलमधून सीमेवर गेलेल्या पोराच्या आईला ते कार्ड म्हणजे काय, हे विचारून पाहा.

आपल्या १९६० च्या कायद्यात खोट आहे, पण ती वेगळीच. सरकारने तक्रार केल्याशिवाय न्यायालय खटला हाती घेऊ शकत नाही. शिवाय नागरिकांचं संरक्षण वाढवणाऱ्या १९७७ च्या पुरवणी करारांत भारत अजून सामील नाही. खासदारांना पत्र लिहायचंच असेल, तर या दोन गोष्टींसाठी लिहा.