‘बऱ्यापैकी’ म्हणून मोकळा झालो

परवा सर्व्हेवाल्यांचा फोन आला. शेवटचा प्रश्न होता, निवडणुका निष्पक्ष होतात यावर तुमचा कितपत विश्वास आहे? पर्याय चार : खूप, बऱ्यापैकी, फारसा नाही, अजिबात नाही. मी ‘बऱ्यापैकी’ म्हणून मोकळा झालो. फोन ठेवल्यावर चपापलो. नुकत्याच झालेल्या निवडणुकीत माझी माणसं जिंकली होती. त्याच्या आधीच्या निवडणुकीत मी ज्यांना मत दिलं ते सपाटून आपटले होते. तेव्हा हाच फोन आला असता तर मी तावातावाने ‘अजिबात नाही’ म्हटलं असतं. मधल्या काळात मतमोजणीची पद्धत काडीचीही बदललेली नाही. बदललाय तो फक्त निकाल.

आणि मी काही एकटा नाही. अमेरिकेत प्यू रिसर्च सेंटर ही सर्व्हे करणारी संस्था असाच प्रश्न विचारते. २०२०ची निवडणूक नीट पार पडली असं ट्रम्प यांच्या मतदारांपैकी जेमतेम २१ टक्के म्हणत होते. २०२४ला ट्रम्प जिंकले आणि आकडा थेट ९३ वर! पण त्याच वेळी हरलेल्या हॅरिस यांच्या मतदारांतही ८४ टक्के लोक निवडणूक नीट झाली म्हणाले. म्हणजे हरणारा दर वेळी बोंब मारतोच असं नाही. नेता पराभव कसा गिळतो, यावर बरंच काही ठरतं.

एक्झिट पोलचं तर विचारूच नका. पोल चुकला की लगेच ‘घोटाळा झाला’. अरे, पोल चुकायला घोटाळा कशाला लागतो? १९३६ साली ‘लिटररी डायजेस्ट’ या अमेरिकी साप्ताहिकाने अध्यक्षपदाच्या निवडणुकीआधी लोकांचा कौल घ्यायला जवळपास एक कोटी नमुना मतपत्रिका पाठवल्या, वीस लाखांहून जास्त परत आल्या आणि त्यांनी रूझवेल्ट यांचे प्रतिस्पर्धी लँडन जिंकणार म्हणून सांगितलं. रूझवेल्ट यांनी ४८ पैकी ४६ राज्यं खिशात घातली. पत्ते घेतले होते टेलिफोनच्या यादीतून आणि गाडीमालकांच्या नोंदीतून. ऐन मंदीत, म्हणजे खात्यापित्या घरांचेच! त्यात उत्तर पाठवणारे म्हणजे हौसेने बोलणारे. गप्प बसणाऱ्यांचं मत कुणाच्याच हाती लागलं नाही.

आपल्याकडे २०२४च्या लोकसभेला १ जूनच्या संध्याकाळी बहुतेक चॅनेलांनी एनडीएला साडेतीनशेच्या पुढे नेऊन बसवलं. ४ जूनला निघाल्या २९३. दोन-तीन टक्के मतं इकडची तिकडे झाली की जागांचा पार खेळखंडोबा होतो, आणि हजारभर लोकांच्या सर्व्हेत तेवढी चूक गृहीतच धरलेली असते. टीव्हीवर ‘इतके टक्के चूक शक्य’ ही पाटी कोण वाचतं म्हणा.

आता कुणी म्हणेल, म्हणजे शंका घ्यायचीच नाही का? घ्या की! २००४ साली युक्रेनमध्ये अध्यक्षपदाच्या निवडणुकीच्या दुसऱ्या फेरीत एक्झिट पोल युश्चेन्को यांच्या बाजूने होते आणि अधिकृत निकाल यानुकोविच यांच्या. लोक कडाक्याच्या थंडीत रस्त्यावर उतरले. पण सर्वोच्च न्यायालयाने दुसरी फेरी रद्द केली ती मतदानातले आणि मोजणीतले गैरप्रकार पाहून. फेरमतदान झालं आणि युश्चेन्को जिंकले. पोलने शंका उपस्थित केली, पुरावा मात्र वेगळा गोळा करावा लागला. म्हणून मोजणीच्या टेबलावर कोण बसलंय, मतदान यंत्रातून निघणाऱ्या कागदी चिठ्ठ्या किती ठिकाणी पडताळल्या, मतदानाचे आकडे केव्हा जाहीर झाले, हे प्रश्न मला जास्त कामाचे वाटतात. आणि ते आपला माणूस जिंकलेला असतानाही विचारायला हवेत. तिथेच आपली जीभ अडखळते.

बाकी, त्या फोनवर ‘गेल्या वेळी मत कुणाला दिलंत’ हेही विचारलं होतं. मी खोटं सांगितलं.