खुलासा: ताहितीतल्या लग्नाचा 'दाखला'

'बोरा बोराला पारंपरिक लग्न लावा, तिथला दाखला भारतात चालतो' हा मेसेज फिरतोय. (बोरा बोरा म्हणजे प्रशांत महासागरात, ताहितीच्याच द्वीपसमूहातलं फ्रान्सच्या अखत्यारीतलं बेट.) मीही तो पुढे ढकलला होता, चूक माझीच.

तो सोहळा पाहुण्यांसाठी, प्रतीकात्मक असतो. ताहुआ म्हणजे पुरोहित जोडप्याला ताहितीयन नावं देतो, दोघांना तिफैफैत गुंडाळतो (आपल्या गोधडीची बहीणच!), आणि साल कुटून केलेल्या तापा कापडावर दाखला देतो. सुंदर आहे, पण कायद्याचा कागद नाही. तिथे फ्रेंच कायदा चालतो आणि त्यात चर्चमधलं लग्नसुद्धा पुरेसं नसतं. आधी कागदपत्रं देऊन नगरपालिकेत महापौरांसमोर नोंदणी लागते. म्हणून बरेच जण घरीच नोंदणी उरकून जातात.

जुना मेसेज कृपया पुढे पाठवू नका.