दुप्पट केलं तर?

विषय निघाला वहिनींच्या पोरामुळं. सहावीतल्या त्या गड्याला सुट्टीत विज्ञानाच्या प्रयोगांचे व्हिडिओ बघायचा नाद लागलाय आणि घरातला खायचा सोडा, लिंबं, रिकाम्या बाटल्या पटापट गायब व्हायला लागल्यात. वहिनी बँकेत असतात, कॉमर्सवाल्या. त्यांनी सरळ विचारलं, "यातलं काय बघू द्यायचं न् काय नाही, हे मी कसं ठरवू?"

रंकाळ्याच्या कट्ट्यावर सरळ प्रश्नाला सरळ उत्तर मिळायची पद्धत नाही.

"मोबाईल काढून घ्या," बाळूनं निकाल लावला. उद्यमनगरात त्याचं मोटर रिवाइंडिंगचं दुकान आहे. बिघडलेलं काही दिसलं की आधी मेन स्विच पाडायचा, ही त्याची सवय.

"म्हणजे मग मित्राच्या मोबाईलवर बघेल. तेही तुमच्या नजरेआड," सर म्हणाले. हायस्कूलला विज्ञान शिकवून निवृत्त झालेत, पण घंटा अजून डोक्यात वाजते.

मेडिकलवाला पंक्या म्हणाला, "त्यावर 'मुलांसाठी' असं लिहिलेलं असतंय की. तेवढेच लावायचे."

इथं मला तोंड घालावं लागलं. तो शिक्का प्रयोग सुरक्षित आहे म्हणून मिळत नाही. मुलांची माहिती पालकांना न विचारता गोळा केली म्हणून २०१९ साली अमेरिकेत गूगल आणि यूट्यूबला १७ कोटी डॉलर मोजावे लागले. त्यानंतर, जानेवारी २०२० पासून, व्हिडिओ टाकणाऱ्यालाच सांगावं लागतं की हा मुलांसाठी आहे की नाही. शिक्का बसला की कमेंट बंद, वैयक्तिक जाहिराती बंद. आत ॲसिड किती टक्क्यांचं ओतलंय, याच्याशी त्याचा संबंध नाही. यूट्यूब किड्समध्ये आपण निवडलेलेच व्हिडिओ दिसतील अशी सोय आहे, ती चांगली. पण निवडायचं आपणच, म्हणजे वहिनींचा प्रश्न जिथल्या तिथं.

पंक्यानं मग दुकानातली गोष्ट काढली. एक पोरगं हायड्रोजन पेरॉक्साइड मागायला आलं होतं, 'हत्तीची टूथपेस्ट' करायची म्हणून. पेरॉक्साइडमध्ये साबण आणि यीस्ट घातलं की ऑक्सिजन सुटतो आणि फेस उसळतो. "माझ्याकडची बाटली असती साधारण सहा टक्क्यांची. तिनं फेस येतो, पण बाटलीच्या तोंडातनं नुसता ओघळतो. व्हिडिओत जो छताला लागतोय ना, ते तीस टक्क्यांचं किंवा वरचं असतंय. कातडीवर पडलं तर पांढरे चट्टे न् आग. ते काय सांगत नाहीत. मग पोरगं नाराज, न् नाराज पोरगं विचारतंय, काका, याच्यापेक्षा कडक नाही?"

"तेच की!" बाळू उठूनच बसला. "पोरगं व्हिडिओत दाखवलंय तेवढंच कधी करतंय व्हय? दुप्पट करतंय. एक चमचा म्हटलं की दोन, एक सेल म्हटला की दोन. वहिनी, व्हिडिओ बघताना एवढंच बघा: दुप्पट केलं तर काय?"

बाळू असं काहीतरी बोलून जातो आणि आम्ही पुढचा तासभर त्यावर काढतो. सोडा आणि लिंबाचा रस दुप्पट, तर फरशी पुसायची. तेच बूच घट्ट लावलेल्या बाटलीत, तर बाटली फुटायची. लिंबात तांबं आणि जस्त खुपसलं तर सुमारे पाऊण ते एक व्होल्ट मिळतो. दोन-तीन लिंबं ओळीनं जोडली तर छोटा लाल एलईडी मिणमिणतो. इथं दुप्पट करावंच. आणि ताकदीचे छोटे लोहचुंबक? एक गिळला तर बहुतेक वेळा बाहेर पडतो. दोन गिळले तर आतड्याच्या दोन वळ्या मध्ये धरून एकमेकांना चिकटतात, आतड्याला भोक पडतं.

"आणि टॉयलेट क्लीनर?" वहिनींनी बरोबर पकडलं. "त्यात ब्लीच मिसळलं तर क्लोरीन होतो म्हणे. तिथं दुप्पट व्हायची वाट बघायची काय?"

बाळू जरा नरमला. "नाही. तसलं सामान यादीत दिसलं की व्हिडिओ बंदच. कार्बाईडचं पण तसंच." त्याचा आवाज बदलला. २०२५ च्या दिवाळीत मध्य प्रदेशात पाइपातल्या कार्बाईड गननं कित्येक पोरांचे डोळे गेले, आणि ती बनवायची कशी हे काहींनी रीलवरच बघितलं होतं. "कार्बाईडवर पाणी पडलं की ॲसिटिलीन, आमच्या वेल्डिंगचा गॅस. पाइपात कोंडतोय. पेटला नाही म्हणून पोरगं वाकून आत बघतंय, न् तेवढ्यात बार."

थोडा वेळ कुणी बोललं नाही. मग सरांनी त्यांची आवडती मेणबत्ती काढली. बशीत पाणी, मध्ये जळती मेणबत्ती, वर उपडा ग्लास. ज्योत विझते, पाणी आत चढतं. "व्हिडिओत सांगतात, ऑक्सिजन संपला म्हणून पाणी चढलं. खोटं! ज्योतीनं हवा तापून फुगते, थोडी ग्लासाच्या कडेनं बुडबुडे काढत बाहेर जाते. ज्योत विझली की उरलेली थंड होऊन आकसते, म्हणून पाणी चढतं. एकाऐवजी तीन मेणबत्त्या लावा, पाणी जास्त चढेल. ग्लास तोच, ऑक्सिजन तेवढाच!"

"म्हणजे दुप्पटच केलं की सर," बाळू खूश.

"तिप्पट. आणि मोठं माणूस शेजारी बसवून."

भांडण पेटलं ते कांद्यावर मोबाईल चार्ज करणाऱ्या व्हिडिओवरून. पंक्याचं म्हणणं, त्यात कुणाला इजा होत नाही, बघू दे की. सर मात्र चिडले. फोनला पाच व्होल्ट आणि शेकड्यांनी मिलिअँपिअर लागतात, कांद्यात तेवढं कुठलं? मी पंक्याच्या बाजूनं होतो, पण वहिनींनी गप्प केलं. "पोरानं दोनदा करून बघितलं. झालं नाही. आता म्हणतो, आई, मला सायन्स जमत नाही." पंक्या तरी म्हणालाच, कार्बाईडपेक्षा बरं. तेही खरंच आहे. पण त्या पोराला तो व्हिडिओ खोटा आहे हे कुणी सांगितलं नव्हतं.

मग दाखवायचं काय? सरांनी अरविंद गुप्तांचं नाव घेतलं. आयआयटी कानपूरचा इंजिनिअर, पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्राच्या संस्थेत, मुलांच्या विज्ञान केंद्रात, वर्षानुवर्षं टाकाऊ वस्तूंतून खेळणी करत बसला. २०१८ ला पद्मश्री. व्हिडिओ मराठीतही आहेत. सेल, लोहचुंबक, दोन सेफ्टी पिना आणि तांब्याच्या तारेचं वेटोळं एवढ्यात मोटर फिरते.

"तार एनॅमलची पाहिजे, म्हणजे वरनं वीज अडवणारा लेप दिलेली," बाळू लगेच म्हणाला. "एक टोक पूर्ण खरवडायचं, दुसरं निम्मंच. नाहीतर नुसती थरथरती, फिरत नाही. वहिनी, तार मी देतो. पण चुंबक मोठा घ्या, न् खरवडायचं काम पोराला करू दे. तुम्ही हात लावू नका."

"दोन पोरांना पुरेल एवढी द्या भावजी. शेजारचा पण येतोय."