दाराचा हात आणि स्पेसबार

ड्राफ्टिंगवाल्यांच्या व्हॉट्सअॅपवर रेव्हिट या इमारतींची मॉडेलं काढायच्या सॉफ्टवेअरची एक टिप फिरत असते. मजकूर साधारण असा: ‘फॅमिली कुठलीही असो, आडवे-उभे दोन्ही फ्लिप कंट्रोल टाकून ठेवा. उलटं लागलं की स्पेसबार. वस्तू तीच राहते, फक्त तोंड फिरतं. शेड्यूल आपोआप सुधारतं. बाण नसलेली फॅमिली कुणाला उलटवता येत नाही.’ फॅमिली म्हणजे दार, खिडकी, खुर्ची अशा वस्तूचा तयार साचा, फ्लिप कंट्रोल म्हणजे ती उलटवणाऱ्या बाणांची जोडी, आणि शेड्यूल म्हणजे अशा वस्तूंचा तक्ता.

‘वस्तू तीच राहते’ हे यातलं सगळ्यात महागात पडणारं वाक्य. दार आपल्याकडे ओढून उघडतंय आणि बिजागऱ्या डावीकडे आहेत, तर ते डावं दार; यालाच दाराचा हात म्हणतात. आता बाणांची एकच जोडी वापरा, कुठलीही. बिजागरीची बाजू बदलली तर दार उजवं झालं, हे लगेच दिसतं. उघडण्याची दिशा बदलली तरीही ते उजवंच होतं, कारण आता ओढायची बाजू पलीकडे गेली आणि तिथून बिजागऱ्या उजवीकडे दिसतात. हे मात्र भल्याभल्यांच्या लक्षात येत नाही. दोन्ही जोड्या वापरल्या तर दार नुसतं अर्धा फेरा फिरतं आणि परत डावं होतं. निवडलेल्या दारावर स्पेसबार दाबत गेलात तर चार अवस्था येतात, पण दारं दोनच. पटत नसेल तर कागदाचं दार कापून बघा.

साध्या लाकडी दारात सुतार हे साइटवर निभावून नेतो. फायर डोअरचं तसं नाही. त्यात बिजागरीच्या आणि कुलपाच्या खाचा कारखान्यातूनच पाडून येतात. आमच्या एका कामात दोन विंगांचे जिने एकमेकांचे आरसे होते. एक विंग काढून दुसरी मिरर केली, आणि ऑर्डर गेली ती सगळ्या डाव्या दारांची. चूक आमचीच होती. शेड्यूलच्या ‘हात’ नावाच्या रकान्यात कुणीतरी ‘डावं’ टाइप केलेलं होतं आणि मिरर झाल्यावर ते तसंच राहिलं.

म्हणजे शेड्यूलचं वाक्यही गेलंच. दार फ्लिप झालंय की नाही हे रेव्हिटला आतून पक्कं माहीत असतं. एपीआयमध्ये, म्हणजे बाहेरच्या प्रोग्रॅमना रेव्हिटची माहिती वाचायला दिलेल्या सोयीत, हँडफ्लिप्ड, फेसिंगफ्लिप्ड, मिरर्ड अशा नोंदी असतात. पण शेड्यूलच्या रकान्यांच्या यादीत त्या येत नाहीत. डायनॅमो या रेव्हिटसाठी स्क्रिप्ट लिहायच्या साधनाने वाचून दाराच्या एखाद्या पॅरामीटरमध्ये भरल्या तर येतात, आणि ती स्क्रिप्ट ऑर्डरच्या आदल्या दिवशी पुन्हा चालवावी लागते. हाताने टाइप केलेला मजकूर कुठल्याही बाणाने बदलत नाही.

स्पेसबार म्हणजे फ्लिप, हेही सरसकट खरं नाही. मोकळ्या ठेवलेल्या खुर्ची-टेबलावर तो ९० अंशांत फिरवतो. फिरवलेला एल-आकाराचा सोफा तोच सोफा असतो, उलटवलेला दुसराच. म्हणून ‘फॅमिली कुठलीही असो’ हा सल्ला मला सगळ्यात कमी पटतो. फॅन कॉइल युनिटचे, म्हणजे एसीच्या खोलीत हवा सोडणाऱ्या यंत्राचे, पाइप डाव्या अंगाला आहेत की उजव्या, हे बहुधा कंपनीकडून येताना ठरलेलं असतं. त्याला बाण देणं म्हणजे कॅटलॉगमध्ये नसलेलं यंत्र एका क्लिकवर तयार करणं. तिथे डावं आणि उजवं असे फॅमिलीचे वेगळे प्रकार करावेत.

बाण काढले म्हणजे फॅमिली सुरक्षित झाली, असंही नाही. मिरर कमांड बाण विचारत नाही. बाण नसलेलं कपाटसुद्धा ती उलटवते, आणि मग सरळ करायला बाणच नसतो. पुन्हा मिरर करावं लागतं.

साध्या दार-खिडक्यांना बाण हवेतच, तेवढं त्या टिपेतलं बरोबर आहे. टॉयलेटचं दार कमोडला धडकतंय हे प्लॅनमध्ये दिसलं की मीही स्पेसबारच दाबतो. फायर डोअरवर मात्र आधी प्लॅन बघतो, माणसं कुठून कुठे पळणार ते. दार त्याच दिशेने उघडायला हवं, आणि निवडलेलं राहून गेलेलं दार चुकून अंगठा पडला तरी फिरतं.