काच नको, रॅम द्या!

गणपती तोंडावर आले की मंडळांच्या एलईडी वॉलसाठी ग्राफिक्सची कामं निघतात, आणि कोल्हापुरातली पोरं साठ-सत्तर हजार जमवून एडिटिंगचा कॉम्प्युटर घ्यायला बाहेर पडतात. दुकानातला पहिला प्रश्न ठरलेला: "गेमिंगवालं दाखवू काय?" आफ्टर इफेक्ट्स (मोशन ग्राफिक्सचं सॉफ्टवेअर) चालवणार की ब्लेंडर (थ्रीडीचं), फुटेज कुठल्या कॅमेऱ्याचं, हे कोण विचारतंय! काचेचा कॅबिनेट, सहा रंगीत पंखे, आत रॅमची ८ जीबीची एकुलती एक स्टिक. झालं एडिटिंग मशीन. नाद खुळा!

अहो, आफ्टर इफेक्ट्स म्हणजे गेम नाही. प्रिव्ह्यू करताना ते तयार झालेली प्रत्येक फ्रेम रॅममध्ये साठवतं. ४के फ्रेम म्हणजे ३८४० गुणिले २१६० पिक्सेल, ८ बिट रंगाला प्रत्येक पिक्सेलमागे ४ बाइट, म्हणजे सुमारे ३३ एमबी. सेकंदाला २५ फ्रेम धरल्या तर १० सेकंदांतच ८ जीबी खलास. प्रोजेक्ट १६ बिटवर नेला की दुप्पट. मग ८ जीबीत प्रिव्ह्यू होणार का कपाळ? त्यात २०२१ पासून मल्टी-फ्रेम रेंडरिंग आलंय. प्रोसेसरचे कोअर, म्हणजे त्यातले कामगार, एकाच वेळी वेगवेगळ्या फ्रेम उचलतात आणि प्रत्येक फ्रेमला वेगळी रॅम खातात. रॅम संपली की कोअर नुसते बसून. त्यामुळे ३२ जीबी ही चैन नव्हे, सुरुवात. तीही १६ च्या दोन स्टिक, म्हणजे ड्युअल चॅनल, डेटाला दोन वाटा मिळतात. मदरबोर्ड रॅमच्या चार स्लॉटचा मागा. एच६१० बोर्डाला दोनच स्लॉट असतात, पुढं वाढवायची सोयच नाही.

दुसरी चलाखी 'एफ'ची. इंटेलचा आय५-१२४०० प्रोसेसर मागितला की १२४००एफ पुढं सरकवतात, "सेमच आहे, स्वस्त पडतो". सेम कुठला? एफमध्ये इनबिल्ट ग्राफिक्स नाही, म्हणून क्विक सिंक, म्हणजे व्हिडिओ उलगडायची इंटेलची सोय, तीही नाही. आजचे बरेच कॅमेरे १० बिट ४:२:२ एचईव्हीसी (रंगांचा जास्त तपशील ठेवून दाबलेलं) फुटेज देतात. आरटीएक्स ३०६० किंवा ४०६० ग्राफिक्स कार्ड ते हार्डवेअरवर डिकोड करत नाही, इंटेलचं हे इनबिल्ट ग्राफिक्स करतं. मग टाइमलाइन अडखळते आणि हाच शहाणा सांगतो, "मोठं कार्ड टाका."

आणि कार्डांचा तर निव्वळ बाजार मांडलाय. ब्लेंडरच्या सायकल्स या रेंडर इंजिनमध्ये (अंतिम चित्र तेच काढतं) सीन आणि टेक्श्चर कार्डाच्या मेमरीत मावायला लागतात. नाही मावले तर साध्या रॅममधून ओढत बसतं आणि वेग मरतो, नाहीतर सरळ 'आउट ऑफ मेमरी'. हलक्या सीनला ८ जीबीचं ४०६० पुढं पळतं हे खरं, पण जड सीनला १२ जीबीचं जुनं ३०६० बरं. खोकं मात्र नीट वाचा, कारण ३०६० ८ जीबीतही येतं आणि त्याचा मेमरी बस, म्हणजे मेमरीकडचा रस्ता, तोही १९२ ऐवजी १२८ बिट.

सगळ्यात संतापजनक म्हणजे क्रिप्टो मायनिंगमध्ये पिळून निघालेलं एएमडीचं जुनं कार्ड, आरएक्स ५८०. "८ जीबी आहे, रेंडरिंगला लय भारी!" डोंबल! ब्लेंडर ३.० मध्ये सायकल्सचं ओपनसीएल (एएमडी कार्डावर रेंडर करायची सोय) काढलं आणि त्याजागी आलेलं एचआयपी या पिढीला चालत नाही. कार्ड सायकल्सच्या यादीत दिसतच नाही, रेंडर जातं प्रोसेसरवर. तीच गत "१६ कोअर झिऑन"ची, म्हणजे इंटेलच्या जुन्या सर्व्हर प्रोसेसरची. ई५-२६७० हा २०१२ चा प्रोसेसर, कोअर ८, १६ ते थ्रेड (एका कोअरला दोन). त्यात एव्हीएक्स२ हा सूचना-संच नाही, आणि नव्या आफ्टर इफेक्ट्सला ते लागतं.

एवढे पैसे काचेत घातल्यावर एसएमपीएस, म्हणजे पॉवर सप्लाय, कॅबिनेटसोबत फुकट आलेला. रेंडर म्हणजे तासन्तास पूर्ण लोड, तिथं असला स्टिकरवरचा '४५० वॉट' मान टाकतो. ३०६० चे १७०, आय५ चे टर्बोला ११७, वर बोर्ड, डिस्क, पंखे: नावाजलेल्या कंपनीचा ५५० वॉट ब्रॉन्झ (वीज कमी वाया घालवणारा) घ्याच. सोबत ६०० व्हीए यूपीएस चिकटवतात. तो साधारण ३६० वॉटचा, मॉनिटर धरला की काठावर. लाईट गेली की 'टीं' करून सगळंच बंद. १००० व्हीएच्या खाली जाऊ नका, आणि लांब रेंडर थेट एमपी४ मध्ये काढू नका. पीएनजी सीक्वेन्स, म्हणजे प्रत्येक फ्रेमची वेगळी चित्रफाइल, काढा. लाईट गेली तरी झालेल्या फ्रेम राहतात, पुढच्या फ्रेमपासून चालू करता येतं. एमपी४ अर्धवट तुटली की सहसा उघडतसुद्धा नाही.

एवढं सगळं करून शेवटी, "बिल पाहिजे तर १८ टक्के वेगळे." म्हणजे वॉरंटीच्या वेळी आम्ही काय तुमचं तोंड दाखवायचं? प्रत्येक पार्टचा सिरियल नंबर जीएसटी बिलावर लिहून घ्या. नाही म्हणाला तर पुढची गल्ली धरा, राजारामपुरीत गल्ल्या काय कमी नाहीत.