सव्वाशे किलोचा वारा

सोसायटीच्या इतिवृत्तात परवा नोंद झाली: 'बोर्डाबाबत अवाजवी खर्चाची सूचना आली, ती एकमताने नामंजूर.' सूचना माझी होती. त्या एकमतात मी नव्हतो, पण ते कोण लिहिणार?

गेटजवळ चार बाय तीन फुटांचा बोर्ड उभा करायचा होता: 'येथे वाहने लावू नयेत.' "तुम्ही स्ट्रक्चरल इंजिनिअर ना, जरा बघा," सेक्रेटरी म्हणाले. 'जरा बघा' म्हणजे फुकट. बघितलं. आयएस ८७५, म्हणजे बांधकामावर येणाऱ्या भारांचं भारतीय मानक, त्याच्या तिसऱ्या भागात पुण्यासाठी वाऱ्याचा मूळ वेग सेकंदाला ३९ मीटर दिलाय. त्याचा वर्ग गुणिले ०.६, म्हणजे चौरस मीटरला ९१३ न्यूटन दाब, साधारण ९३ किलो. सपाट बोर्डाचा १.२ हा गुणक धरून बाकीचे सोडले तरी एवढ्याशा पत्र्यावर सव्वाशे किलोच्या आसपास जोर येतो, तोही जमिनीपासून साडेसहा फुटांवर. म्हणून दोन बाय दोन, तीन फूट खोल पाया सांगितला.

बँकेतून रिटायर झालेल्या काकांनी चष्मा कपाळावर चढवला.

"३९ मीटर म्हणजे ताशी किती रे?"

"१४० किलोमीटर."

"पुण्यात? अरे, सिंहगड रोडवर चाळीसने गाडी जात नाही, वारा कुठून जाणार?"

सभा खो खो हसली. सेक्रेटरीसुद्धा.

"आधीचा बोर्ड इतकी वर्षं उभा होता. त्याचं कुणी गणित केलं होतं?"

"काका, तो पडला म्हणूनच नवा लावतोय."

"तो वाऱ्याने नाही पडला. गंजला होता."

"मग नेमका वळवाच्या पावसात कसा पडला?"

"योगायोग." मग उपाय आला. "भोकं पाडा. फ्लेक्सला पाडतात तशी. वारा आरपार!"

दहा-बारा भोकांनी जोर नावालाच कमी होतो, हे सांगेपर्यंत भोकं कुठे पाडायची यावर चर्चा रंगली होती. अक्षरांवर नकोत, 'नयेत'मधला 'न' उडाला तर लोक गाड्या लावतील, अशी रास्त भीती एका वहिनींनी व्यक्त केली. या विषयाला मात्र पंधरा मिनिटं मिळाली.

मी घाटकोपरचं नाव काढलं. १३ मे २०२४, १७ माणसं गेली. "ते होर्डिंग १२० बाय १२० फुटांचं होतं, आपला बोर्ड केवढासा!" काका म्हणाले. बोर्ड केवढासा, हे खरंच. पण त्याच्याखाली सकाळी पोरं स्कूलबसची वाट बघत उभी असतात, आणि पोरंही केवढीशीच असतात. त्यावर कुणी काही बोललं नाही. चहा आला होता.

शेवटी फॅब्रिकेटरचं चाललं. फूटभर खड्डा, दोन घमेली काँक्रीट, वर विटांचे तुकडे. "साहेब, आजवर आपला एक बोर्ड हलला नाही." त्याला टाळ्या. माझ्या हिशोबाच्या पाठकोऱ्या कागदावर त्याने कोटेशन लिहून दिलं.

आज सकाळी सेक्रेटरी दारात. "तेवढं स्टेबिलिटी सर्टिफिकेट द्या, लेटरहेडवर. हल्ली काही झालं तर आधी तेच मागतात."

"कुठल्या पायाचं?"

"जो भरलाय त्याचंच हो. आणि तारीख जरा मागची टाका."